'दुय्यम संदेशवाहक' की 'दुसरा निरोप्या'?

प्रश्न असा आला : जिवाणूंवरच्या एका मराठी लेखात 'सेकंड मेसेंजर'ला, म्हणजे बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पुढे नेणाऱ्या रेणूला, 'दुय्यम संदेशवाहक' म्हटले आहे. ते योग्य आहे का?

व्युत्पत्तीने योग्य, वापराने नाही. फारसीत 'दुय्यम' म्हणजे नुसते दुसरे. मराठीत मात्र हा शब्द एक पायरी खाली उतरला : दुय्यम निबंधक, दुय्यम दर्जा, दुय्यम वागणूक. 'दुसरा' क्रम सांगतो, 'दुय्यम' मान ठरवतो. सायक्लिक एएमपी या पेशीतल्या रेणूवरील कामासाठी १९७१चे नोबेल मिळवणारे अर्ल सदरलँड यांच्या कल्पनेत क्रमच होता. हार्मोन पेशीच्या दारापर्यंत निरोप आणते, आतला रेणू तो पुढे नेतो.

जिवाणूंतला असाच एक आतला रेणू, सायक्लिक डाय-जीएमपी, पाहा, म्हणजे 'दुय्यम' किती चुकते ते कळेल. तो १९८७मध्ये सेल्युलोज बनवणाऱ्या एका जिवाणूत सापडला. जिवाणूने पोहत राहायचे की पृष्ठभागाला चिकटून बसायचे, हे बहुतेक वेळा त्याच्या प्रमाणावर ठरते. तो घडवणारे विकर म्हणजे डायग्वानिलेट सायक्लेज. कॉलोबॅक्टर या गोड्या पाण्यातल्या जिवाणूत अशाच एका विकराचे नाव प्लीडी. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी २००४मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. या विकराच्या एका भागावर फॉस्फेट चढला की दोन प्लीडी रेणू जोडीने येतात. दोघांच्या हातात एकेक जीटीपी, म्हणजे कच्च्या मालाचा रेणू, असतो. ते समोरासमोर आले तरच दोन जीटीपी जुळून वलय, म्हणजेच सायक्लिक डाय-जीएमपी, बनते. एकट्याने हे काम होत नाही.

आणि मला सर्वांत मोहवणारी गोष्ट पुढेच आहे. हे निरोपे, म्हणजे सायक्लिक डाय-जीएमपीचे रेणू, पुरेसे झाले की तेच परत येऊन विकराच्या दुसऱ्या एका खाचेत बसतात. मग जीटीपी धरणारे दोन भाग असे जखडले जातात की समोरासमोर येऊच शकत नाहीत, आणि उत्पादन थांबते. आपल्या कर्त्यालाच थांबवणाऱ्याला दुय्यम कसे म्हणावे?

'संदेशवाहक'चीही अडचण आहे. तो शब्द 'संदेशवाहक आरएनए'ने आधीच घेतला आहे, आणि एकाच परिच्छेदात दोन्ही आले की विद्यार्थी गोंधळतो. 'निरोप्या' हा जुना, घरातला शब्द मोकळा आहे. म्हणून मी लिहीन : 'प्लीडी हे विकर दुसरा निरोप्या घडवते, आणि तो निरोप्याच त्याला आवरतो.'