सरासरी वाढली, पण मूल पुढं गेलं का?

वाचकांचे प्रश्न, संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांची उत्तरं

प्रश्न : सर, मी अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. बहुतेक मुलांच्या घरी कन्नड बोलतात, शाळा मराठी माध्यमाची. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचता येतात, याची प्रत्येक मुलाची नोंद मी तिसरीपासून वहीत ठेवते. ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिल अशी वर्षातून तीनदा. आता हीच मुलं चौथी संपवतायत. वर्गाची सरासरी दर वेळी चढतीच आहे. डिसेंबरात सगळ्यांत मागं असलेल्या मुलांचे जादा तास घेतले, तर एप्रिलमध्ये ती चांगली सुधारलेली दिसली. केंद्रप्रमुखांना अहवाल द्यायचाय. ही प्रगती खरी मानायची का, आणि ती मांडायची कशी?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, आधी ती वही नीट जपा. सोलापुरात बसून मी इतकी वर्षं हा विषय शिकवला, पण त्याच मुलाची पुन्हा पुन्हा घेतलेली नोंद हातात पडणं दुर्मीळ. आपल्याकडं शाळांबद्दलचे आकडे कमी नाहीत. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल 2005 पासून येतोय. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मूल अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट वाचतं, हे ते पाहतात. काम मोठं आहे, पण दर फेरीला मुलं नवी असतात. त्या वर्षीची पाचवी कुठं आहे ते त्यातून समजतं. तिसरीत अक्षरावर अडकलेली एखादी मुलगी पाचवीत गोष्टीपर्यंत पोचली का, हे समजत नाही. त्यासाठी त्याच मुलीकडं परत जावं लागतं, आणि तुम्ही ते केलंय.

आता सरासरीकडं येऊ. समजा वर्गात पाचच मुलं आहेत आणि ऑगस्टमध्ये ती मिनिटाला 20, 30, 40, 50 आणि 60 शब्द वाचतात. सरासरी 40. दिवाळीनंतर पहिल्या दोघांचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले, मुलंही गेली. डिसेंबरात उरलेल्या तिघांची चाचणी घेतली, आणि कुणीही एक शब्दसुद्धा जास्त वाचला नाही. तरी सरासरी 50 येते. अहवालात ‘दहा शब्दांची वाढ’ असं छापून येईल आणि ज्यांची सगळ्यांत जास्त काळजी करायची ती दोन मुलं कागदावरून नाहीशी होतील. मला या गोष्टीचा फार त्रास होतो. तुमच्या गावातून टोळ्या जातात की नाही ते मला माहीत नाही, पण डिसेंबरच्या पानावर कोण नाही ते आज रात्रीच पाहा. नुसतं ‘गैरहजर’ नको, कारण लिहा : ऊसतोडीला गेला, मामाच्या गावी गेली, आजारी, शाळा बदलली. कारण माहीत असेल तर त्या रिकाम्या जागेचं काही करता येतं. नाहीतर ती जागा सरासरीला खोटं पाडत राहते.

जादा तासांचं जरा सविस्तर सांगतो, कारण शाळांच्या अहवालांत सगळ्यांत जास्त फसगत इथंच होते. कुठल्याही एका दिवसाच्या चाचणीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : मुलाची खरी तयारी आणि त्या दिवसाचा योग. कुणाला ताप होता, कुणी रात्रभर लग्नात जागलेलं, कुणी नव्या बाईंसमोर बुजलं. सगळ्यांत कमी वाचणारी मुलं आपण निवडतो तेव्हा कच्च्या मुलांबरोबर त्या दिवशी योग वाईट असलेलीही गोळा होतात. पुढच्या चाचणीत तोच वाईट योग सगळ्यांच्या वाट्याला पुन्हा येत नाही. त्यामुळं काहीही न शिकवता हा गट थोडा वर येतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये 205 कुटुंबांतल्या उंचीच्या आकड्यांवरून हेच दाखवलं. फार उंच आईबापांची मुलं सरासरीनं त्यांच्यापेक्षा कमी उंच निघाली, फार बुटक्यांची मुलं थोडी जास्त उंच. याला सरासरीकडं परतणं म्हणतात.

याचा अर्थ तुमचे तास वाया गेले असा मुळीच नाही. माझा अंदाज, त्यांचा उपयोग झालाच असणार. पण किती झाला, हे डिसेंबर आणि एप्रिलच्या वजाबाकीतून निघणार नाही. पुढच्या वर्षी मुलं एका चाचणीवर निवडा, आणि तास सुरू होण्याआधी आठवड्याभरात दुसऱ्या उताऱ्यावर पुन्हा वाचून घ्या. सुरुवातीचा आकडा हा दुसरा धरायचा. शक्य असेल तर निवडलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्यांचे तास डिसेंबरात, उरलेल्यांचे फेब्रुवारीत. तास सगळ्यांनाच मिळतात, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन्ही गटांची चाचणी घेतली की तुलनेला खरा आधार मिळतो. आणि एक सांगतो : संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात चाचणी घेऊ नका. आजूबाजूच्या गावांतली मुलंही तेव्हा सोलापुरात असतात, आणि आलेल्यांचं मन वर्गात नसतं.

मांडायचं कसं? आलेखाचा कागद घ्या. आडवी तारीख, उभे शब्द, आणि प्रत्येक मुलाची स्वतंत्र रेषा. ‘चाचणी 1, चाचणी 2’ असं लिहू नका, खरी तारीख लिहा. ऑगस्ट ते डिसेंबर चार महिने आहेत, एप्रिल ते ऑगस्टही चारच, पण त्यांच्या मधे उन्हाळ्याची सुट्टी आहे. सुट्टीची खूण आलेखावर केली नाही तर सुट्टीत कोण घसरलं ते दिसणारच नाही. दोन नोंदींतून फक्त फरक मिळतो. वाटचाल दिसायला किमान तीन लागतात. तुमच्याकडं सहा आहेत.

प्रत्येक रेषेत दोन गोष्टी पाहायच्या : सुरुवात कुठं झाली आणि चढ किती आहे. कर्नाटकातल्या हडगलीत जन्मलेले आपले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी 1958 साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात वाढीच्या वक्रांवर जो निबंध लिहिला, त्यातली वाट हीच. प्रत्येकाची वाढ मोजक्या आकड्यांत पकडायची आणि तुलना त्या आकड्यांची करायची. पुढं 1964 मध्ये पॉटहॉफ आणि समरेंद्रनाथ रॉय यांनी 11 मुली आणि 16 मुलगे अशा 27 मुलांची 8, 10, 12 आणि 14 व्या वर्षी घेतलेली जबड्याजवळची मापं वापरून ही पद्धत वाढवली. ते 27 मुलांचे आकडे जगभर अजून वर्गात शिकवले जातात. पट लहान आहे म्हणून बिचकू नका, एवढंच सांगायचंय.

मग नोंदी बुडालेल्या मुलांचं काय? 1982 मध्ये नॅन लेअर्ड आणि जेम्स वेअर या संख्याशास्त्रज्ञांनी जी मांडणी केली, तिला आता मिक्स्ड मॉडेल म्हणतात. तिथं सगळ्यांच्या तारखा सारख्या असाव्या लागत नाहीत, आणि एखादी नोंद बुडाली म्हणून मूल काढून टाकावं लागत नाही. दोनच नोंदी असलेल्या मुलाची रेषा ही पद्धत वर्गाच्या सर्वसाधारण रेषेकडं बरीच ओढून घेते, सहा नोंदी असलेल्याची थोडीच. हे न्याय्य आहे, कारण दोन ठिपक्यांवरून कुणाला हुशार किंवा ढ ठरवणं अन्यायाचं आहे. ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे करता येतं. गणिताची पदवी घेणारा गावातला एखादा विद्यार्थी मदतीला घ्या.

शेवटची महत्त्वाची गोष्ट घरच्या भाषेची. वहीत तिचा एक रकाना वाढवा. कन्नड घरातल्या मुलाची मराठी वाचनाची सुरुवात खालून होणारच. त्याचा चढ शेजारच्या मराठी घरातल्या मुलाएवढा किंवा जास्त असेल, तर ते शिकण्यात मागं नाही, उशिरा निघालंय. एप्रिलच्या एकाच आकड्यावर त्याला ‘अप्रगत’ म्हणू नका. एक सावधगिरी मात्र ठेवा. पहिल्याच नोंदीत आकडा योगानं कमी आला असेल तर चढ आपोआप जास्त दिसतो. म्हणून रेषा पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यांवरून न काढता सगळ्या ठिपक्यांतून काढा. आणि जी मुलं आता सरसर वाचतात, त्यांचे शब्द मोजणं थांबवा. वेगाला मर्यादा असते. त्यांना उताऱ्यावर प्रश्न विचारा.

अहवालात सरासरी द्यायचीच असेल तर तिच्याखाली लिहा : पटावर किती, दर चाचणीला किती हजर, सगळ्या चाचण्यांना हजर असलेल्यांची सरासरी किती. आणि रेषांचा तो कागद जोडा.

प्रश्न : माझ्या मुलीला पाचवीत 88 टक्के होते, सहावीत 79. वर्गातला नंबरही घसरला. ती मागं पडतेय का?
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : या दोन आकड्यांवरून ते सांगता येत नाही. पेपर वेगळे, धडे वेगळे, तपासणारे वेगळे. एकदा वितीनं मोजलं आणि एकदा फुटपट्टीनं, असा हा प्रकार आहे. दोन परीक्षा एका मापावर आणायच्या तर दोन्हींत काही प्रश्न सामाईक लागतात. डेन्मार्कचे गणितज्ञ जॉर्ज राश यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीवर पुढं हे शास्त्र वाढलं. नंबराचं तर सोडूनच द्या. मुलगी खूप शिकली आणि वर्गात आणखी चार हुशार मुलं आली, तरी नंबर खाली जातो.

घरी करता येण्याजोगं एक आहे. पाचवीची गणिताची उत्तरपत्रिका मिळवा. तेव्हा चुकलेली अपूर्णांकाची उदाहरणं आकडे बदलून तिला आता सोडवायला द्या, वेळ न लावता, परीक्षा आहे असं न सांगता. ती सुटली तर ती पुढं गेलीय. अडली तर नेमकी कुठं अडली ते कागदावर दिसेल, आणि तो कागद घेऊन तिच्या बाईंना भेटा.