स्वप्नातला तो आणि केक घेऊन आलेला तो

ताई,

मी २७ वर्षांची आहे. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. दसऱ्यानंतर माझा साखरपुडा झाला, लग्न मे महिन्यात आहे. तो बंगळुरूला नोकरी करतो. साखरपुड्याआधी आम्ही दोनदाच भेटलो, बाकी सगळं रात्रीच्या फोनवर. तेव्हापासून तो माझ्या स्वप्नात येतो. स्वप्नात तो फार काही करत नाही. घाटातल्या एका टपरीवर शेजारी बसतो आणि मी बोलत असते ते ऐकतो. इतकं शांत मला कोणाच्याच सोबतीत वाटलेलं नाही.

जानेवारीत तो न सांगता घरी आला. आत्याने त्याच्याशी मिळून सगळा बेत केला होता. त्या दिवशी संकष्टी होती, माझा उपास आहे हे सकाळीच त्याला फोनवर सांगितलं होतं. संध्याकाळी डोक्याला तेल लावून गाऊनवरच पडले होते, डोळा लागला. जाग आली तर खोलीत तो, हातात केक, आणि दारात आत्या मोबाइलवर शूटिंग करतेय. मी रडायलाच लागले. सगळे म्हणाले, आनंदाश्रू. तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर फिरला. ताई, मी आनंदाने रडले नव्हते. तो थकलेला, ओढलेला, अनोळखी दिसत होता. मनात एकच आलं, हा तो नाही.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाला इंग्रज कवी कीट्सची ‘द ईव्ह ऑफ सेंट अ‍ॅग्नेस’ ही कविता शिकवायला घेतली. त्यातली मॅडलिन जागी होऊन रडते तिथे माझा आवाज बसला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, तो खोलीत आहे हे तिला माहीत होतं का?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून स्वप्नंही बंद झालीत. मी स्वप्नावर विश्वास ठेवू की त्याच्यावर? लग्न मोडू का?

– अर्धवट झोपेतली

*

तुझं पत्र आठ पानांचं होतं, वर त्यातलं कामापुरतं घेतलंय. ‘तू’ म्हणते, चालेल ना?

व्हिडिओ मी पाहिलेला नाही. पण तुझ्या रडण्याच्या बाबतीत तुझ्या आत्यापेक्षा कीट्स मला जास्त भरवशाचा वाटतो. जागं झाल्यावर समोर आपलाच माणूस दिसला आणि बाई रडली, एवढ्यावरून ती सुखाने रडली असं त्याने धरलं नाही. १८१९च्या सुरुवातीला ही कविता लिहिली तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता, तरी एवढं त्याला कळत होतं.

इतर वाचकांसाठी कविता थोडक्यात सांगते, तू तोवर चहा टाक. २० जानेवारीची रात्र ही सेंट अ‍ॅग्नेसच्या सणाची आदली रात्र. त्या रात्री कुमारिकेने न जेवता, मागे-बाजूला न बघता गुपचूप अंथरुणावर पडावं, म्हणजे होणारा नवरा स्वप्नात येतो अशी तिकडची जुनी समजूत. आपल्या हरतालिकेची आठवण येणारच. फरक एवढाच की आपल्याकडे मुली उपास करून जागतात, तिकडे उपाशी झोपतात. तर अशी उपाशी झोपायला निघालेली मॅडलिन. तिच्यावर जीव असलेला, पण तिच्या घराण्याचं ज्याच्याशी हाडवैर, तो पॉर्फिरो त्याच रात्री वाड्यात शिरतो. अँजेला नावाच्या म्हातारीला गाठतो आणि मॅडलिनच्या खोलीत लपवून ठेव म्हणतो. म्हातारी हादरते, त्याला दुष्ट म्हणते. तो शपथा घेतो, आणि ऐकलं नाहीस तर आत्ताच्या आत्ता ओरडून सगळ्या वैऱ्यांना जागं करीन अशी धमकीही देतो. शेवटी ती नमते, पण लग्न मात्र तुला करावंच लागेल असं बजावून. (तुझ्या आत्याला कुणी धमकी दिली नसावी. ती हौसेनेच उभी असणार.)

मग तो लपून तिला दागिने काढताना, केस सोडताना, निजताना बघतो. ती झोपल्यावर पलंगाजवळ मेजवानी मांडतो. साखरेत मुरवलेली सफरचंदं, आलुबुखार, दालचिनीचे पाक, मोरोक्कोतल्या फेझहून आलेले खजूर, समरकंदपासून लेबनॉनपर्यंतचे मसालेदार पदार्थ. कीट्स इथे एखाद्या हलवायासारखा रंगलाय. हे ताट कविताभर तसंच राहतं, कुणी त्यातला घाससुद्धा तोंडात घालत नाही. वर्गात हे विचारून बघ, निम्म्यांच्या लक्षात आलेलं नसेल.

ती हाकेने जागी होत नाही म्हणून तो तिचंच वाद्य घेऊन तिच्या कानाशी वाजवतो. तिचे डोळे उघडतात, पण स्वप्न अजून चालूच असतं. डोळ्यांसमोर दोघे, एक स्वप्नातला आणि एक पलंगाशी टेकलेला. आणि ती रडू लागते. म्हणते, आत्ता तर तुझा आवाज किती गोड होता, तुझे डोळे किती निर्मळ होते, आणि आता तू असा कसा झालास, फिका, गारठलेला, उदास? तोच आवाज मला परत दे.

हे वाचून तुझा आवाज बसला नसता तरच मला नवल वाटलं असतं.

आता मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न. तिला माहीत नसेल, पण ती मोठमोठ्या समीक्षकांच्या भांडणात जाऊन बसली आहे. वर्षानुवर्षं ही कविता ‘कल्पनाशक्तीचा विजय’ म्हणून वाचली गेली. त्याला आधार कीट्सच्याच १८१७च्या एका पत्राचा. त्यात तो म्हणतो की कल्पना म्हणजे आदमचं स्वप्न, जाग आली आणि ते खरं निघालं. मग १९६१ मध्ये जॅक स्टिलिंजर या अमेरिकन अभ्यासकाने सरळ विचारलं की मॅडलिनची इथे फसवणूक झालेली नाही का? डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी ती आहे, असा शब्द खुद्द कवितेतच आहे. शिवाय सप्टेंबर १८१९ मध्ये कीट्सने तो पलंगाजवळचा प्रसंग आणखी उघड करून लिहिला. मित्र आणि प्रकाशक दोघेही बिचकले, तेव्हा म्हणे तो म्हणाला की मी बायकांसाठी लिहीतच नाही, पुरुषांसाठी लिहितो. १८२० साली छापलं गेलं ते सौम्य रूप. आज आपल्याकडे ही कविता तासावर पैसे घेऊन बायकाच शिकवतात, हे त्याला कळायला हवं होतं.

पण हे सगळं पॉर्फिरोच्याच माथी मारू नकोस, आपल्याकडेही हिशेब फार वेगळा नाही. उषेला स्वप्नात अनिरुद्ध दिसला, चित्रलेखेने एकेकाची चित्रं काढून दाखवली, ओळख पटली, आणि मग चित्रलेखा द्वारकेला जाऊन झोपलेल्या अनिरुद्धालाच उचलून घेऊन आली. तिथे न विचारता आणलेला माणूस पुरुष होता, एवढाच फरक. स्वप्न एकाने बघायचं आणि दुसऱ्याची झोप मोडायची, हा प्रकार जुना आहे.

तुझ्या स्वप्नातला माणूस कुठून आला ते सांगू? रात्री अकराचा फोन, अंधार, कानाशी एक आवाज. त्या आवाजाला चेहरा, खांदे, टपरीवरचा बाक तू पुरवलास. तो इतका छान ऐकतो याचं कारण स्वप्नात बोलणारीही तू आणि ऐकणारीही तूच. हे मी हिणवायला म्हणत नाही. तुला काय हवंय हे तुझ्या झोपेने स्पष्ट सांगितलंय: शेजारी बसून ऐकणारा माणूस. पुष्कळ मुलींना लग्नाला वीस वर्षं होईपर्यंत हे कळत नाही. पण बंगळुरूच्या रात्रभराच्या बसमधून उतरलेला माणूस तसा आहे की नाही, याची साक्ष झोप देऊ शकत नाही. आणि ‘हा तो नाही’ असं वाटणं हाही काही निकाल नव्हे. तो ‘तो’ असूच शकत नव्हता.

मॅडलिनच्या बाबतीत मला खुपतं ते पुढचं. ती एवढं स्पष्ट बोलते, आणि पॉर्फिरो तिच्या बोलण्याला उत्तरच देत नाही. तो पेटून उठतो आणि तिच्या स्वप्नात विरघळून जातो. गुलाबाचा वास दुसऱ्या फुलाच्या वासात मिसळावा तसा, असं कीट्स लिहितो. ओळी फार सुंदर आहेत, त्याला काय करणार. पण पुढच्याच क्षणी खिडकीच्या काचांवर गारा आपटतात, चंद्र मावळलेला असतो, आणि ती म्हणते, हाय, हे स्वप्न नव्हतंच. मग दोघं वादळात पळून जातात आणि कवी सांगतो की ही फार फार जुनी गोष्ट. त्यांचं पुढे कसं झालं ते तो सांगत नाही. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, त्याने दुसरी कविता लिहिली. तिच्यात प्रेमात पडलेला सरदार स्वप्नातून जागा होतो तो थंडगार डोंगरउतारावर, एकटाच. एकाच माणसाला एकाच वर्षात दोन्ही शेवट खरे वाटले होते.

म्हणून तुला करायला सांगते ते एवढंच. मॅडलिनचं वाक्य तू त्याला सांग, पूर्ण जागेपणी. रात्रीच्या फोनवर बिलकुल नको, तो फोनच या सगळ्याचं मूळ आहे. त्याला एक दिवस बोलावून घे किंवा अर्ध्या वाटेवर भेटा. दिवसाउजेडी, जिथे दोघांनाही खुर्च्या असतील अशा ठिकाणी. सांग, “त्या दिवशी मी आनंदाने रडले नव्हते. मला तू अनोळखी वाटलास, मी घाबरले, आणि व्हिडिओ निघाला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.” आणि थांब. गडबडीने ‘पण तसं काही नाही रे’ जोडू नकोस. तुझा स्वभाव तुझ्या पत्रावरून दिसतो, तू जोडशील.

मग तो काय करतो ते बघ. ‘एवढा खर्च करून आलो, आणि तुझं हे’ असं म्हणाला, तर मला पुन्हा पत्र लिही, मी वेगळं उत्तर देईन. थोडा वेळ गप्प बसून ‘मग मी काय करायला हवं होतं?’ असं विचारलं, तर त्याला टपरीचं स्वप्न सांगून टाक. व्हिडिओ ग्रुपवरून काढायला आत्याला त्याने सांगायचं, तू नव्हे. बेत दोघांचा होता. पत्रिका छापायला टाकल्या नसतील तर हे बोलणं होईपर्यंत थांबव, आईला कारण सांगायची गरज नाही.

लग्न मोड असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे. सहाव्या पानावर, केकच्या रागानंतर, तू कंसात एक ओळ लिहिली आहेस, मी ती वर मुद्दाम घेतली नाही: “चंद्रोदय नऊनंतर होता. आईने दोनदा ताट वाढू का विचारलं, पण तोही माझ्यासोबत थांबला. गॅलरीत दोघं नुसते बसलो होतो.”

सकाळी सांगितलेला उपास तो विसरला, केक घेऊन आला, हे झालंच. पण केक बाजूला ठेवून प्रवासातून आलेला माणूस नऊपर्यंत उपाशी बसला. कीट्सच्या नायकाने समरकंदपर्यंतचं खाणं मांडलं, पण ती का जेवली नाही हे काही विचारलं नाही. तुझ्या गॅलरीत त्या दोन तासांत काय बोलणं झालं, की झालंच नाही, हे तू आठ पानांत कुठेच लिहिलेलं नाहीस. ती ओळ कंसात का गेली, याचा आधी विचार कर. त्याच्याशी बोलण्याच्याही आधी.

आणि त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. ‘नाही, तिला माहीत नव्हतं’ एवढंच सांग. मग पुढच्या तासाला ३५वं कडवं, मॅडलिन बोलते ते, तिलाच मोठ्याने वाचायला दे. तुझा आवाज अजून बसलेलाच असेल.