आईची उपाशीपोटी शुगर १०४, पण एचबीएवनसी ७.१ आणि हिमोग्लोबिन ८.२. लॅबचा रिपोर्ट चुकलाय का?

चुकलाच असेल असं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. काउंटरवर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि विचारणारा बहुतेकदा चिडलेलाच असतो.

उपाशीपोटीची शुगर म्हणजे सुई टोचली त्या वेळची साखर. दोन दिवस गोड टाळून आणि रात्री लवकर जेवून ती खाली आणणारे पेशंट आम्ही रोज बघतो. एचबीएवनसीला, म्हणजे 'तीन महिन्यांच्या शुगर'ला, असं फसवता येत नाही. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. ही पेशी जगते साधारण १२० दिवस. ७.१ म्हणजे सरासरी साखर १५७ च्या आसपास. उपाशीपोटी १०४ असूनही सरासरी एवढी येऊ शकते, कारण काही जणांची साखर जेवणानंतरच चढते.

पण मला खटकलं ते ८.२ हिमोग्लोबिन. ते कमी आहे, आणि त्यामागे बहुतेकदा लोहाची कमतरता असते. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचा भरणा होतो, आणि त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. साखर न वाढताही एचबीएवनसीचा आकडा वर सरकतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात उलटं होतं. पेशी लवकर फुटतात, त्यामुळे साखर जास्त असूनही आकडा कमी दिसतो. विदर्भात, नंदुरबारकडे हा आजार जास्त दिसतो, तिथे हे विशेष लक्षात ठेवावं लागतं. नुकतं रक्त चढवलं असेल तरीही आकड्यावर भरवसा नाही. खोटा कमी आकडा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण चांगला आलेला रिपोर्ट परत कोण तपासतो?

आता आमच्या बाजूची गोष्ट. चूक १०४ मध्येही असू शकते. रक्त साध्या बल्बमध्ये (रक्त घेतात त्या नळीत) तसंच पडून राहिलं तर पेशी त्यातली साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी संपवत राहतात. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाचा फ्लोराइड बल्ब वापरतात. सॅम्पल लांबच्या कलेक्शन सेंटरवरून आलं असेल तर एवढं जरूर विचारा.

डॉक्टरांना दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) आणि जेवणानंतरची शुगर करायची का ते विचारा. तोवर शेजारच्यांची गोळी आईंना देऊ नका. जेवणानंतरच्या शुगरला दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. निम्मे लोक तिथेच चुकतात.