आर्णी तालुक्यातल्या आमच्या सेवा केंद्रात वादळात लाईन गेल्यापासून लिनक्स मिंटवर 'प्रिंटिंग सर्व्हिस नॉट अव्हेलेबल' येतंय. पीसी वादळ नसतानाही दोनदा असाच बंद पडला. कप्स काढून पुन्हा टाकू का?

भाऊ, कप्स, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणारी सर्व्हिस, काढू नका. 'पर्ज' मारलं तर प्रिंटरची सगळी मांडणी जाते. नुसतं 'रिमूव्ह' केलं तरी एप्टी, म्हणजे प्रोग्रॅम बसवणारा-काढणारा, सोबत आणखी काय काय काढायला निघालाय, ते यादी न वाचता 'वाय' दाबणाऱ्याला मागाहून कळतं. आणि बिघाड डिस्कचा असेल तर नवं कप्सही तसंच पडून राहील.

तुमच्या प्रश्नातून मी एवढं धरतो: आर्णी तालुक्यातलं गाव, सेवा केंद्र, जुन्या पीसीवर लिनक्स मिंट, यूएसबीने जोडलेला लेझर प्रिंटर. वादळात लाईन गेली, पीसी चालता चालता बंद पडला. तेव्हापासून प्रिंटर सेटिंग उघडली की वरचा संदेश येतो, 'स्टार्ट सर्व्हिस'चं बटण दाबून काही होत नाही, आणि सातबारा अन् पीकविम्याच्या पावत्यांसाठी माणसं ओट्यावर बसून आहेत.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाका. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ, 'कप्स' म्हणजे सी-यू-पी-एस, आणि 'सीटीएल' ही तीन अक्षरं आधीच्या शब्दाला चिकटून. आकडेही इंग्रजीच.

पहिली आज्ञा:

सिस्टमसीटीएल स्टेटस कप्स.सर्व्हिस कप्स.सॉकेट

यात 'अॅक्टिव्ह, रनिंग' दिसलं तर सर्व्हिस ठीक आहे, दुखणं पुढे छपाईच्या रांगेत आहे; ते खाली सांगतो.

'इनॅक्टिव्ह, डेड' दिसलं की लोक घाबरतात, पण तो दरवेळी बिघाड नसतो. कप्स मागणीनुसार उठतं. काम नसेल आणि प्रिंटर शेअर केलेला नसेल तर ते मिनिटभराने आपलं आपण बंद होऊ शकतं. खाली सॉकेट, म्हणजे मागणी आली की कप्सला उठवणारा भाग, त्याच्यासमोर 'लिसनिंग' असेल तर ते फक्त झोपलंय. 'एलपीस्टॅट -आर' टाका. 'शेड्युलर इज रनिंग' असं उत्तर आलं की ते उठलं.

'मास्क्ड' दिसलं तर कुणीतरी मुद्दाम कुलूप लावलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउज्ड नावाच्या जोडप्रोग्रॅममधल्या सुरक्षा त्रुटी बाहेर आल्या. तेव्हा 'ब्राउज्ड बंद करा, यूडीपीचं ६३१ नंबरचं पोर्ट अडवा' असा सल्ला होता आणि तो बरोबरच होता. पण घाईत काहींनी ब्राउज्डसोबत अख्खं कप्सच मास्क केलं. यूएसबी प्रिंटरला ब्राउज्ड लागत नाही. ते बंदच राहू द्या. कप्सचं कुलूप काढायला:

सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क कप्स.सर्व्हिस कप्स.सॉकेट कप्स.पाथ
सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ कप्स

'नॉट फाउंड' आलं तर पॅकेजच नाही. इन्स्टॉल करणं हा पहिला उपाय फक्त याच वेळी.

तुमच्याकडे मात्र बहुतेक लाल अक्षरांत 'फेल्ड' असेल. मग ती का पडली हे तिच्याच नोंदीतून वाचायचं:

सुडो जर्नलसीटीएल -यू कप्स -बी -ई
सुडो टेल -एन ५० /वार/लॉग/कप्स/एरर_लॉग

पहिलीतून बाहेर पडायला 'क्यू' दाबा. 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' ही ओळ हमखास दिसेल. ती कारण नाही. सर्व्हिस चार-पाचदा उठून पडली आणि सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीने नाद सोडला, एवढाच तिचा अर्थ. खरं कारण तिच्या वरच्या ओळींत असतं. दुसऱ्या फाइलमध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला मोठं इंग्रजी 'ई' आहे ती चूक. दुरुस्ती झाल्यावर 'सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड कप्स' मारून मगच पुन्हा स्टार्ट करा.

लाईन जाऊन पीसी पडल्यावर मी पुढच्या तीन गोष्टी याच क्रमाने बघायला सांगेन.

डिस्क भरलेली आहे का. 'डीएफ -एच /' टाका, मग 'डीएफ -आय /'. दुसरी आज्ञा जागा नाही, फाइलींची संख्या मोजते. कुठेही १०० टक्के दिसलं, किंवा नोंदीत 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असेल, तर शोध संपला. इथे लाईन जाणं निमित्त असतं: डिस्क आधीच भरत आलेली, सर्व्हिस आधीपासून चालू म्हणून रेटत होती, एकदा बंद पडली आणि उठायला जागा उरली नाही. मिंटमध्ये यामागे बरेचदा टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टमच्या जुन्या प्रती (स्नॅपशॉट) ठेवणारा प्रोग्रॅम, निघतं. त्याचे स्नॅपशॉट त्याच पार्टिशनवर साठत जातात. टाइमशिफ्ट उघडून जुने स्नॅपशॉट तिथूनच डिलीट करा, फाइल मॅनेजरमधून फोल्डर उडवू नका. मग 'सुडो एप्टी क्लीन' आणि 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम', यात शेवटचं 'एम' मोठं. मुख्य पार्टिशनवर २-३ जीबी मोकळे झाले की कप्स उठायला भरपूर.

डिस्क फक्त वाचण्यापुरती उरली आहे का. लिहिता लिहिता लाईन गेली आणि ईएक्सटी४ फाइलसिस्टममध्ये गफलत सापडली, की लिनक्स ती सावधगिरी म्हणून 'रीड-ओन्ली' करून ठेवतं. पीसी चालू दिसतो, ब्राउझर उघडतो, पण काही सेव्ह होत नाही आणि कप्सला नोंद लिहायला जागा मिळत नाही. तपासायला:

सुडो टच /वार/स्पूल/कप्स/चाचणी

'चाचणी'च्या जागी इंग्रजीत कोणतंही नाव द्या. गुपचूप झालं तर ठीक. ती रिकामी फाइल 'सुडो आरएम'ने काढून टाका. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' आलं तर सगळं सोडून आधी लोकांचे स्कॅन केलेले कागद पेनड्राइव्हवर घ्या. मग मिंटच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करा, 'एलएसबीएलके -एफ'ने पार्टिशनचं नाव बघा आणि समजा ते एसडीए२ असेल तर:

सुडो एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीए२

हे चालू सिस्टमवर, माउंट असलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या, पार्टिशनवर कधीही मारू नका. होतं ते बिघडेल. त्यानंतरही आठवड्यात पुन्हा तेच झालं तर हार्डडिस्कच संपत आलीय. स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज टाकून 'सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए' बघा. 'रीअॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या ओळीत शेवटचा आकडा शून्यापेक्षा जास्त आणि वाढत असेल, तर नवी एसएसडी घ्या.

तिसरी, आणि सगळ्यात फसवी: एखादी फाइल शून्य बाइटची झाली आहे का. कप्स आपली माहिती अधूनमधून पुन्हा लिहितं, आणि नेमकं तेव्हाच लाईन गेली की नाव राहतं, आतलं जातं.

सुडो एलएस -एल /ईटीसी/कप्स
सुडो कप्सडी -टी

पहिलीत तारखेच्या आधीचा आकडा म्हणजे फाइलचा आकार. कप्सडी.कॉन्फ किंवा प्रिंटर्स.कॉन्फसमोर ० असेल तर तीच मेख. दुसरी आज्ञा मांडणी तपासते: सगळं नीट असेल तर फाइलच्या नावापुढे 'इज ओके' म्हणते, नाहीतर चुकीच्या ओळीचा नंबर देते. प्रिंटर्स.कॉन्फची आधीची प्रत कप्स स्वतःच शेजारी ठेवतं. तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि मोठा इंग्रजी 'ओ' असतो, शून्य नव्हे. आधी सर्व्हिस बंद करा, मगच ती प्रत मूळ नावावर कॉपी करा. कप्स चालू असताना केलेली दुरुस्ती ते बंद होताना स्वतःच्या डोक्यातल्या माहितीने पुसून टाकतं. मिंटमध्ये नुसतं कप्स थांबवलं तर सॉकेट त्याला परत उठवतं, म्हणून तिन्ही थांबवा:

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप कप्स.सर्व्हिस कप्स.सॉकेट कप्स.पाथ

कप्सडी.कॉन्फ गेली असेल तर तिची मूळ प्रत 'कप्सडी.कॉन्फ.डीफॉल्ट' या नावाने /ईटीसी/कप्स किंवा /यूएसआर/शेअर/कप्समध्ये शोधा आणि कॉपी करा. दुरुस्ती झाली की वरच्याच आज्ञेत 'स्टॉप'च्या जागी 'स्टार्ट'.

फाइली शाबूत आहेत, तरी कप्स उठतं आणि लगेच पडतं? मग अर्धवट राहिलेलं एखादं काम ते वाचायला जातंय. ही कामं /वार/स्पूल/कप्समध्ये असतात: 'सी'ने सुरू होणारी फाइल कामाची माहिती, 'डी'ने सुरू होणारी प्रत्यक्ष कागद. इथे एक गंमत आहे. 'सुडो आरएम /वार/स्पूल/कप्स/सी*' मारलं तर 'अशी फाइलच नाही' असं उत्तर येतं आणि माणूस चक्रावतो. कारण ते ताऱ्याचं चिन्ह तुमचं साधं शेल, म्हणजे टर्मिनलमधला आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, उलगडतं आणि त्याला त्या फोल्डरमध्ये डोकवायची परवानगी नाही. आधी 'सुडो -आय' करून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, व्हा, मग वरच्या 'स्टॉप'च्या आज्ञेने तिन्ही थांबवून 'सी' आणि 'डी'च्या फाइली आणि /वार/कॅश/कप्समधली जॉब.कॅश काढा, आणि 'एक्झिट' करून बाहेर या.

त्या 'डी'च्या फाइलींवरून आठवलं. छपाई झाल्यावरही कप्स कागदाची प्रत साधारण दिवसभर, म्हणजे ८६४०० सेकंद, डिस्कवर ठेवतं. सेवा केंद्रात ते लोकांचे आधार आणि उत्पन्नाचे दाखले असतात. कप्सडी.कॉन्फमध्ये 'प्रिझर्व्ह-जॉब-फाइल्स नो' अशी ओळ टाका. पहिले तीन शब्द जोडून आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं.

कुणी 'चमॉड ७७७' मारायला सांगितलं असेल आणि तुम्ही मारलं असेल, तर तेही लपवू नका. कप्सच्या प्रोग्रॅमवर सगळ्यांना लिहायची परवानगी दिसली की ते तो चालवायलाच नकार देतं. नोंदीत 'इनसिक्युअर परमिशन्स' आणि फाइलचं नाव येतं. 'डीपीकेजी -एस'पुढे, मोठ्या 'एस'ने, त्या फाइलचा पूर्ण पत्ता दिला की ती कोणत्या पॅकेजमधली ते कळतं. तेवढंच पॅकेज 'सुडो एप्टी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल'ने बसवा. एप्टी 'रिलीज फाइल अजून वैध नाही' अशा अर्थाचं काही म्हणाला तर घड्याळ बघा. जुन्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेला की लाईन गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते.

आता सर्व्हिस उठली, 'शेड्युलर इज रनिंग' आलं, तरी कागद येत नाही. 'एलपीस्टॅट -पी' टाका. 'डिसेबल्ड' दिसलं तर अर्ध्या छपाईत प्रिंटर गेला म्हणून कप्सने रांग अडवून ठेवलीय.

कॅन्सल -ए
सुडो कप्सएनेबल प्रिंटरचं-नाव
सुडो एलपीअॅडमिन -पी प्रिंटरचं-नाव -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब

नाव एलपीस्टॅटने दाखवलं तसंच, लहान-मोठ्या अक्षरांसकट. तिसऱ्या आज्ञेमुळे पुढच्या वेळी रांग अडण्याऐवजी कप्स थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करेल. आपल्याकडच्या लाईनचा भरवसा पाहता हीच सेटिंग ठेवावी.

'सुडो एलपीइन्फो -व्ही'मध्ये 'यूएसबी:' किंवा 'एचपी:'ने सुरू होणारी प्रिंटरची ओळच नसेल तर केबल हबमधून काढून थेट पीसीच्या मागच्या पोर्टला लावा. प्रिंटर एचपीचा लेझरजेट १०२० किंवा पी१००७-पी१००८ घराण्यातला असेल तर त्याला एचपीलिपचा, म्हणजे एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचा, वेगळा प्लगइन लागतो. अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेलं आणि प्लगइन मागे राहिला की सगळं हिरवं दिसूनही कागद कोरा किंवा मुळीच नाही. 'एचपी-प्लगइन' ही आज्ञा इंटरनेट चालू असताना मारा, मोबाइलचं नेट यूएसबीने जोडलेलं चालतं.

एक शेवटची शंका, कारण तुम्ही 'वादळ नसतानाही दोनदा असाच बंद पडला' असंही लिहिलंय. लेझर प्रिंटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटला लावलाय का? ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॉट मिळतात, आणि लेझरचा फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना क्षणभर त्याच्या दुप्पटही खेचू शकतो. लाईन नसताना प्रिंट दिली की यूपीएस कट होतो आणि पीसीही त्याच्यासोबत पडतो. लेझर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, पीसी आणि मॉनिटर तेवढे यूपीएसवर.

यातून सुटलं नाही तर स्टेटसची आज्ञा, 'डीएफ -एच /' आणि एरर_लॉगच्या शेवटच्या ५० ओळी, या तिन्हींचा फोटो टाका. फोटोत माणसांच्या नावांच्या फाइली दिसत असतील तर तेवढ्या झाका.