मुंबईत वीज फारशी जात नाही, तरी घरच्या डेस्कटॉपला यूपीएस हवा का? ६०० व्हीए की १००० व्हीए?

हवाच. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबईभर वीज गेली होती, तसा दिवस विरळा, पण पावसाळ्यात दिवे क्षणभर मिचकावतात आणि तेवढ्यात पीसी बंद पडतो. सेव्ह न केलेलं काम गेलंच, कधी हार्ड डिस्कही बिघडते. फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं मिळावीत, एवढ्यासाठीच यूपीएस घ्यायचा.

व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचं माप) आकडा बघून ठरवू नका, वॅट बघा, म्हणजे तो प्रत्यक्षात किती भार पेलतो ते कळतं. ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुधा ३६० वॅट लिहिलेलं असतं. साधा डेस्कटॉप, एक मॉनिटर आणि वायफाय राउटर एवढ्याला तो पुरतो. दमदार ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्या, जमल्यास प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच सुरळीत वीज देणारा. लेझर प्रिंटर मात्र त्यावर अजिबात लावू नका, गरम होताना तो एकदम खूप वीज ओढतो.

बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. माझी तिसऱ्या वर्षी इतकी फुगली होती की खोक्यातून ओढून काढावी लागली. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी भिंतीवरचं बटण बंद करून किती मिनिटं चालतोय ते बघा.