वाचकांचे प्रश्न : खंजिरी, स्पूलची फीत आणि फसवा काटा

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या सामानात एक स्पूल टेपरेकॉर्डर सापडला. मागच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० सायकल (म्हणजे हर्ट्झ) असे लिहिलेले आहे. सोबत सात इंची चार फिती आहेत आणि त्यांपैकी एकीवर आजोबांचे कीर्तन असल्याचे घरची मंडळी सांगतात. रेडिओ मेकॅनिकने फिल्टर कंडेन्सर बदलून मशीन सुरू करून दिले. एका कोऱ्या फितीवर आम्ही खंजिरी, पेटी आणि टाळांसह भजन घेऊन पाहिले, परंतु खंजिरी वाजली की नुसती खरखर ऐकू येते. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचा काटा तर लाल पट्टीच्या अलीकडेच होता. चूक कोठे होत असावी? आजोबांची फीत लावून पाहावी काय?
— एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तेथे झालेली चूक दुरुस्त होत नाही. आजोबांची फीत अद्याप लावू नये. ती उजेडासमोर धरून स्पुलाच्या बाजूने पाहावी. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर फीत अ‍ॅसिटेटची आहे. ती जुनी झाली की ठिसूळ होते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. उजेड अडला तर ती पॉलिएस्टरची समजावी. पॉलिएस्टर फीत सहसा तुटत नाही, मात्र १९७०–८० च्या दशकांतील, विशेषतः पाठीला काळा थर असलेल्या काही फितींतील चिकटद्रव्य हवेतील ओल शोषून मऊ पडते. अशी फीत चालवताच हेडपाशी (फितीवरील आवाज वाचणाऱ्या भागापाशी) चिरकते आणि तपकिरी भुकटी मागे सोडते. ती भुकटी म्हणजेच आवाज होय. आपल्याकडे उन्हाळाभर खोलीत कुलर चालतो व पाठोपाठ पावसाळा येतो, म्हणजे फितीला ओल खाण्यासाठी वर्षातले सात-आठ महिने मिळतात.

चिकट झालेली फीत सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या स्थिर उष्णतेत आठ तास किंवा अधिक वेळ ठेवून तात्पुरती चालण्याजोगी करतात. हे वाचून कोणी मे महिन्यात ती टिनाच्या छपरावर ठेवू नये. उष्णता आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे, स्थिर मात्र मुळीच नाही. अ‍ॅसिटेटच्या फितीला तर उष्णता देऊच नये. मशीनवर हात बसेपर्यंत कीर्तनाची फीत कपाटातच राहू द्यावी, आणि ती ऐकण्याचा दिवस येईल तेव्हा संगणक आधीच जोडून ठेवावा, म्हणजे पहिल्याच फेरीत तिची प्रत निघेल.

आता खरखर. आपला काटा खोटे बोलला नाही, तो फक्त उशिरा बोलतो. अशा मशीनवरील व्हीयू मीटरचा काटा आवाजाची सरासरी दाखवतो आणि योग्य जागी पोहोचण्यास त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात. खंजिरीच्या चौकटीतील पितळी चकत्यांचा खणका त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो, त्यामुळे काटा हलण्यापूर्वीच फीत भरून गेलेली असते, म्हणजे आणखी मोठा आवाज पेलू शकत नाही, आणि वरचे शिखर कापले जाते. त्यात भर म्हणजे, फितीवर उंच स्वरांचे बारीक आवाज क्षीण उमटतात म्हणून मशीन स्वतःच ते मुद्दाम वाढवून लिहिते. मुळातच तार आवाजाचे हे वाद्य या वाढीमुळे अधिकच अडचणीत येते.

काटा लाल पट्टीत खेळवला की आवाजाला गोडी येते, हा सल्ला आपणही ऐकला असेल. एकतारी, पेटी आणि भरदार गळा यांच्यासाठी तो काही अंशी खरा आहे, कारण फीत भरत आली की आवाजाच्या कडा हळूहळू गोल होतात. मी स्वतः याच सल्ल्यावर विसंबून एका हिवाळ्यात रात्रभर भजन घेतले. सकाळी ऐकले तेव्हा गळा सुरेख होता, आणि त्याच्यावरून कोणीतरी परातीत सतत वाळू ओतत असल्यासारखी खंजिरी वाजत होती.

खंजिरी असेल तेव्हा काटा मीटरवरील उणे १० च्या आसपास ठेवावा आणि मग कानाने ठरवावे. आपल्या मशीनला तीन हेड असतील, म्हणजे पुसण्याचे, लिहिण्याचे आणि वाचण्याचे वेगवेगळे, तर ध्वनिमुद्रण चालू असतानाच फितीवर काय उमटते ते हेडफोनवर ऐकता येते. खंजिरी वाजवणाऱ्याला मायक्रोफोनपासून पाच-सहा फूट मागे आणि थोडे बाजूला बसवावे, गाणाऱ्याला जवळ. हा एक बदल कोणत्याही खटक्यापेक्षा अधिक फरक करतो. छत टिनाचे असल्यास खोलीत दोन गोधड्या टांगाव्यात.

वेग सेकंदाला १९ सेंटिमीटरच ठेवावा. दहा हजार सायकलच्या आवाजाची एक लहर या वेगाला फितीवर १९ मायक्रॉन जागा घेते, ९.५ च्या वेगाला तिला निम्मीच जागा मिळते, आणि खंजिरीचा जीव तर त्याच लहरींमध्ये असतो. सात इंची स्पुलावरील १२०० फूट फीत १९ च्या वेगाला साधारण ३२ मिनिटे चालते. एका बैठकीतील अभंगांना तेवढा वेळ पुरतो.

हेड आणि फीत ओढणारी धातूची दांडी (कॅपस्टन) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. रबरी चाकाला मात्र सौम्य साबणाचे पाणीच लावावे, अल्कोहोलने रबर कडक पडते.

प्रश्न : मुंबईहून जुने अमेरिकन मशीन आणले. ११७ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, तरी सोबत मिळालेल्या फितीवरील गाणे खालच्या पट्टीत आणि रेंगाळत वाजते. दंडारीची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची, गाणी घेण्याचा विचार आहे. मशीन बिघडले आहे काय?
— एक वाचक, साकोली, जिल्हा भंडारा

उत्तर : मशीन ठीक असावे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, सायकल बदलत नाही. अमेरिकेतील वीज ६० सायकलची आणि आपली ५० ची. मशीनची मोटर सिंक्रोनस असेल तर ती सायकलच्या तालावर फिरते, म्हणून आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगानेच चालते. स्वर तीन पट्ट्यांहून किंचित अधिक उतरतो, म्हणजे काळी चारमध्ये म्हटलेले गाणे पांढरी चारच्याही जरा खाली ऐकू येते. याच मशीनवर घेतलेले याच मशीनवर ऐकाल तर पट्टी बरोबरच येईल, फक्त वेग १९ ऐवजी १६ च्या जवळ राहील. ती फीत दुसरीकडे वाजवली की गडबड. त्यावर उपाय म्हणजे ५० सायकलची पुली किंवा कॅपस्टनवरची बाही, आणि जुन्या मशीनसोबत तो सुटा भाग अनेकदा डब्यातच पडलेला असतो. आधी डबा तपासावा.

भारनियमनाच्या वेळी साध्या इन्व्हर्टरवर अशी मोटर चालवू नये. त्याची चौकोनी लहर मोटरला तापवते आणि गुरगुर फितीवर उतरते. शेतीपंपाच्या फीडरवर व्होल्टेज पडले तर मोटरचा वेग लगेच ढळत नाही, अँप्लिफायर मात्र दगा देतो; स्टॅबिलायझर लावावा.

प्रश्न : एकटाच पेटी वाजवून त्यावर स्वतःच गाता येईल काय? आणि कोरी फीत मिळते काय?
— एक वाचक, आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : येते. पेटी फितीच्या डाव्या पट्टीवर (ट्रॅकवर) घ्यावी, मग ती ऐकत गाऊन दोन्ही मिळून उजव्या पट्टीवर उतरवावे. पहिल्याच उतरवणीला फितीची सळसळ सुमारे ३ डेसिबलने वाढते आणि पुढे वाढतच जाते, म्हणून दोन फेऱ्यांवर थांबावे. लिहिण्याच्या आणि वाचण्याच्या हेडांत साधारण ३-४ सेंटिमीटरचे अंतर असते, म्हणजे १९ च्या वेगाला सुमारे ०.२ सेकंदांचा उशीर होतो. वाचलेला आवाज थोडा परत लिहिण्याकडे सोडला तर देवळातील घुमटासारखा प्रतिध्वनी फुकट मिळतो. जास्त सोडला तर तो गर्जत सुटतो, तेव्हा खटक्यावर हात असू द्यावा.

फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेत एटीआर या नावांनी आजही नवी फीत तयार होते. नव्या फितीसाठी मशीनचा बायस (लिहिताना आवाजासोबत फितीला दिला जाणारा, कानाला न ऐकू येणारा विद्युत संकेत) जुळवून घ्यावा लागतो, अन्यथा वरचे स्वर बोथट किंवा टोकदार येतात. भरलेली फीत परत न गुंडाळता, शेवट बाहेर ठेवूनच डब्यात घालावी, कारण गुंडाळीतील एका थराचा आवाज शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो. तो गाण्याआधी ऐकू येण्यापेक्षा गाण्यानंतर आला तर कानाला खटकत नाही.