वाचकांचे प्रश्न : भांडखोर माशांच्या टाकीत कोणती झाडे टिकतील?

प्रश्न : माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी असून तीत दोन ऑस्कर मासे आहेत. वर्षभरात तीन वेळा अमरावतीहून पाणवनस्पती आणून वाळूत लावल्या. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत त्या मुळासकट उपटलेल्या आणि वर तरंगताना दिसल्या. पाने मात्र बहुतेक शाबूत असतात. दुकानदार प्लास्टिकची झाडे लावा म्हणतात, परंतु मला जिवंत वनस्पतीच हव्या आहेत. आमच्या बोअरचे पाणी खारे आहे. काय लावावे?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : पाने शाबूत असतात, हे आपण लिहिले ते फार बरे केले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. झाडांची नासधूस करणारे सगळे मासे एकाच कारणाने ती करत नाहीत. मलावी सरोवरातले रंगीत म्बुना मासे मुळात खडकावरचे शेवाळ खरवडून खाणारे असल्यामुळे कोवळी पाने कुरतडतात. मोठ्या माशांच्या सोबतीला अनेकदा ठेवला जाणारा सिल्व्हर डॉलर कोणाशी भांडत नाही, पण पालेभाजी समोर आल्यासारखा झाडांवर तुटून पडतो. ऑस्करचे तसे नाही. तो मांसाहाराकडे झुकलेला मासा आहे, झाड त्याला खायचे नसते. तो वाळू उकरतो, आपली हद्द आखतो, आणि त्या हद्दीत उभे असलेले झाड तोंडात धरून बाजूला फेकतो. आपल्या तलावांतली चिलापी याच सिक्लिड कुळातली असून तीही विणीच्या काळात तळाशी असेच खड्डे करते.

तेव्हा आपल्याला वाळूची गरजच नसलेली झाडे हवीत. पहिले नाव अनुबियासचे. पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांकाठी वाढणारी ही वनस्पती अळूच्या कुळातली आहे, म्हणजे ज्याला आपल्याकडे कोणी धोपा म्हणतात, कोणी चमकोरा, त्याची ती लांबची नातलग. तिची पाने चामड्यासारखी जाड असल्याने ऑस्करच्या शेपटीचा फटकारा त्यांना सहज सोसतो. दुसरे जावा फर्न, हे आग्नेय आशियातले नेचे आहे. त्याच्या जुन्या पानांच्या टोकांवर आणि कडांवर लहान रोपे आपोआप फुटतात, त्यामुळे एकदा रुळले की पुन्हा विकत आणावे लागत नाही. या दोघांचेही खोड आल्याच्या गड्ड्यासारखे आडवे वाढते. ते वाळूत पुरले तर कुजते, आणि नवशिक्यांची अर्धी झाडे याच चुकीने मरतात. म्हणून खोड दगडावर ठेवून नायलॉनच्या दोऱ्याने किंवा सुती धाग्याने बांधावे. सुती धागा काही आठवड्यांत कुजतो, परंतु तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. ऑस्करच्या टाकीत मला नायलॉन अधिक भरवशाचा वाटतो.

दगड निवडताना हात आखडता घेऊ नये. मुठीएवढा दगड मोठा ऑस्कर ढकलून देतो. एका हाताने उचलताना जड जाईल असा असावा. नदीतला काळा दगड उत्तम. पांढरट दगडाची शंका आली तर त्यावर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर त्यात चुना आहे, आणि आपल्या आधीच क्षारयुक्त असलेल्या पाण्यात त्याची भर नको. दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर, खाली प्लास्टिकची जाड चकती देऊन ठेवावा आणि मग भोवती वाळू पसरावी; नाही तर मासा खालची वाळू उकरतो, दगड कलंडतो आणि एखादे दिवशी काच फुटते.

पट्टीसारख्या लांब पानांचे व्हॅलिसनेरिया लावण्याची हौस असेल तर ते मातीच्या कुंडीत लावावे. कुंभाराकडची साधी, रंग न दिलेली वीतभर उंच कुंडी घ्यावी, तीत धुतलेली वाळू भरून रोपे लावावीत आणि वर लिंबाएवढ्या गोट्यांचा थर द्यावा. तरीही काही रोपे जातील. ही वनस्पती धावत्या खोडांनी पसरते, त्यामुळे राहिलेल्या दोन-तीन रोपांवर कुंडी पुन्हा भरते. अमेझॉन स्वॉर्ड मात्र या टाकीसाठी मी सुचवणार नाही. त्याची मुळे खोल आणि पसरट जातात, ती बसायलाच महिना-दोन महिने लागतात, आणि आपले मासे तेवढी उसंत देणार नाहीत.

सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत स्वस्तही आहे : मनी प्लांट. त्याची फांदी टाकीच्या मागच्या काठावर अशी अडकवावी की मुळे पाण्यात आणि पाने पूर्ण बाहेर राहतील. माशाचे तोंड पानांपर्यंत पोहोचत नाही, आणि मुळे पाण्यातले नायट्रेट शोषून घेतात. ऑस्कर भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो, त्यामुळे त्याच्या टाकीत खताचा तुटवडा कधीच पडत नाही. अर्थात मनी प्लांट आहे म्हणून आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलणे टाळता येणार नाही.

आता खाऱ्या पाण्याविषयी. दर्यापूर पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येते, त्यामुळे आपली अडचण समजते. अनुबियास आणि जावा फर्न थोडा खारेपणा सहन करतात, हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे. तरीही शक्य असेल तेव्हा पावसाचे साठवलेले किंवा शुद्धीकरण यंत्राचे पाणी निम्मे मिसळावे. उन्हाळ्यात ही काळजी दुप्पट लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात टाकीतले पाणी झपाट्याने आटते, पण क्षार मागेच राहतात. आटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा बोअरचेच पाणी भरत गेल्यास पावसाळ्यापर्यंत टाकी आहे त्याहून कितीतरी खारी होते. म्हणून आटल्याची भरपाई नेहमी गोड पाण्याने करावी. पाणी तापू लागले की वरचे झाकण काढून जाळी बसवावी आणि टेबल पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडावा. तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. जावा फर्नला उष्णता सोसत नाही, त्याची पाने काळी पडली तर ती कापून टाकावीत. खोड हिरवे असेल तर ते पुन्हा फुटते.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपली टाकी काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटरची होते, आणि पूर्ण वाढलेला ऑस्कर ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. दोघांना ती अपुरी आहे. झाडे आणि दगड मध्ये आल्याने मासे एकमेकांच्या नजरेआड होतात व पाठलाग कमी होतो हे खरे, पण जागेच्या तंगीतून उद्भवलेले भांडण अनुबियासच्या पानांनी मिटत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या मालगुजारी तलावात हायड्रिला आणि इतर पाणवनस्पती भरपूर आहेत. त्या काढून सिक्लिड माशांच्या टाकीत घातल्या तर चालतील का?
— एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : चालतील, पण थेट नव्हे. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी नरसाळ्याखाली ठेवतात तो हायड्रिला, तसेच मुळे नसलेला आणि मऊ काट्यांच्या शेपटीसारखा दिसणारा हॉर्नवर्ट, या दोन्ही वनस्पती इतक्या वेगाने वाढतात की माशांनी तोडल्या तरी उरतात; त्यांना पुरायचे नसून मोकळे तरंगू द्यायचे असते. हॉर्नवर्टचे काटे गळून गाळणी तुंबते, तेवढे सोसावे लागते. तलावातून आणताना मात्र शेतांचे पाणी जिथे उतरते ती बाजू टाळावी, विशेषतः धानावर फवारणी झाल्यानंतर. आणलेल्या वनस्पती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ धुवाव्यात आणि नंतर दोन-तीन आठवडे मासे नसलेल्या बादलीत उजेडाला ठेवाव्यात. जळवा, गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या या काळात उघड्या पडतात. चतुराची अळी माशांची लहान पिले खाते. उलट दिशेची वाहतूक अजिबात करू नये : टाकीतली वनस्पती किंवा कंटाळा आलेला मासा तलावात सोडू नये. चिलापी १९५२ साली भारतात बाहेरून आणलेली आहे. आज ती कुठे कुठे पोहोचली आहे, हे आपल्याकडच्या ढीवर बांधवांना विचारावे.

प्रश्न : फ्लॉवरहॉर्न आजारी पडल्यावर टाकीत खडे मीठ घातले. मासा बरा झाला, पण व्हॅलिसनेरिया विरघळल्यासारखे झाले. का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : मिठामुळेच. व्हॅलिसनेरियाला अचानक वाढलेला खारेपणा सोसत नाही. यापुढे आजारी मासा वेगळ्या टबात काढून तिथेच मीठ द्यावे. मुख्य टाकीतले पाणी दर दोन दिवसांनी थोडे थोडे बदलावे आणि कुंडीतली मुळे उपटू नयेत. ती पांढरी व टणक असतील तर तीन-चार आठवड्यांत नवी पाने येण्याची शक्यता आहे.